खंडनाचे गुण

परवा एका कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत मी परीक्षक होते. विषयाच्या विरोधात बोलणारी एक मुलगी मध्येच थांबली आणि समोरच्या मुलीला म्हणाली, "तुझा हा मुद्दा मला पटला गं." सभागृह खो खो हसलं. शेजारचे परीक्षक पुटपुटले, "गेली बिचारी!"

माझं डोकंच फिरलं. मग वाद घालायचा तरी कशाला? नुसती नरडी ताणायला? समोरचा बोलत असताना आपण फक्त आपली पाळी यायची वाट बघायची, हेच शिकवतोय आपण पोरांना, आणि वर त्यासाठी ढाली वाटतोय! अख्ख्या दुपारभरात दुसऱ्याचं ऐकलं ते या एकटीनं.

तणतणत मी तिची गुणपत्रिका ओढली. भाषा, उच्चार, खंडन असे रकाने होते. पटण्यासाठी रकानाच नव्हता.

खंडनापुढे मी शून्य लिहिलं आणि खाली सही केली.