आतोबांकडे राहून गेलेल्या वस्तू

आमच्या आतोबांकडून वेळेवर निघालेला पाहुणा अजून जन्माला यायचा आहे. आतोबा म्हणजे माझ्या बायकोच्या आत्याचे यजमान. हा शब्द आता पुण्यातसुद्धा फारसा ऐकू येत नाही, पण नेदरलँड्समध्ये आम्ही तो टिकवून धरला आहे, कारण त्यांना 'अंकल' म्हणून पाहिलं तेव्हा त्यांनी ओच दिली नव्हती. तसं त्यांचं घर कापेल आन डेन आयसेल या गावी आहे, चांगलं सातव्या मजल्यावर, आणि तिथून माणूस सुटू शकतो, कारण लिफ्टचं दार आपोआप मिटतं. पण एप्रिल उजाडला की आतोबा आणि आत्या झीलंडच्या किनाऱ्यावरच्या एका कॅराव्हॅन पार्कात मुक्काम हलवतात, ते थेट ऑक्टोबर संपेपर्यंत. तिथे लिफ्ट नाही. तिथे आतोबा आहेत आणि त्यांची सायकल आहे.

पाहुण्याला पोचवायला जाणं हा आपल्याकडचा रिवाज. कोणी दारापर्यंत जातं, कोणी कोपऱ्यापर्यंत. आतोबांना कोपरा मान्य नाही. पाहुण्यांनी गाडी सुरू केली की ते सायकल काढतात. पार्कात गाडी माणसाच्या चालीनं हाकायची असा नियम असल्यामुळे ते खिडकीला खेटून सायकल मारत पुण्यापासून गप्पांना सुरुवात करतात. फाटकापाशी निरोप संपावा, तर "बांधापर्यंत येतो" म्हणतात. समुद्राच्या बांधापाशी आलं की पुढचा बसथांबा दिसत असतो. एकदा आइंडहोव्हनच्या एका जोडप्याला, इतका वडीलधारा माणूस वाऱ्यात एवढ्या लांब आला म्हणून इतकी लाज वाटली की त्यांनी सायकल डिकीत घातली आणि आतोबांना कॅराव्हॅनपर्यंत परत आणून सोडलं. आता पाहुणे आपल्याला पोचवायला आले म्हटल्यावर आतोबांना त्यांना पुन्हा पोचवायला जाणं भागच होतं. असं दोनदा झाल्यावर ते जोडपं मुकाट्यानं मुक्कामाला राहिलं. आत्यांनी त्यांच्यासाठी मूगडाळीची खिचडी आधीच टाकलेली होती.

नोकरीत असताना आतोबा आइंडहोव्हनच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करायचे. तिथे कशाचीही सुतभर जाडी म्हणजे महाभयंकर चूक समजली जाते. निवृत्तीनंतर तो सगळा अचूकपणा कुठेतरी जिरवायला हवाच होता, तो त्यांनी कॅराव्हॅन समतल ठेवण्यात जिरवला. बाकीचे लोक त्यासाठी पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी वापरतात. आतोबांचा भरवसा आत्यांच्या आमटीवर. टेबलावर वाटी भरून आमटी ठेवायची आणि ती काठाला सगळीकडून सारखी टेकते का ते डोळा वाटीच्या पातळीला आणून बघायचं. टेकली नाही तर जेवण थांबवून ते बाहेर जातात आणि कॅराव्हॅनचे पाय पिळू लागतात. आत आमटी हळूहळू सरळ होते आणि गार होते. मी गेलो की ते मोठ्या अगत्यानं "जावईबापू, तुम्ही इकडे बसा" म्हणून कोपऱ्यातली गादीची जागा देतात. लग्नानंतरची दोन वर्षं मी तो मान समजत होतो. मग कळलं की त्या कोपऱ्याखाली जमीन थोडी उंच आहे आणि तिथे वजन लागतं.

पण पार्कात आतोबांची कीर्ती पसरली ती झारीमुळे. कॅराव्हॅन पार्कात संडास सामायिक असतो, आणि सकाळी सगळे डच लोक कागदाचा रोल काखेत मारून निर्विकार चेहऱ्यानं तिकडे जाताना दिसतात. आतोबा चाळीस वर्षं या देशात असले तरी काही बाबतींत त्यांनी तडजोड केलेली नाही. त्यांना पाणी लागतं. तांब्या घेऊन जाणं बरं दिसेना म्हणून त्यांनी बाजारातून झाडांना पाणी घालायची छोटी हिरवी झारी आणली आणि रोज सकाळी ती घेऊन डौलात जाऊ लागले. शेजारणीनं आठवडाभर पाहिलं आणि तिची खात्री पटली की हा गृहस्थ पहाटे उठून सार्वजनिक फुलझाडांना पाणी घालतो. तिनं कौतुकानं त्यांना जिरेनियमची कुंडी भेट दिली. मग दुसऱ्या शेजाऱ्यानं दिली. आता त्यांच्या कॅराव्हॅनभोवती कुंड्यांचं कुंपण आहे, आणि कोणीही चार दिवस गावाला निघालं की आपली झाडं विश्वासानं आतोबांवर सोपवून जातं. खरं सांगायची सोय राहिलेली नाही. आतोबांनी शेवटी दुसरी झारी आणली, लाल, आणि कोणती कशाची ते फक्त त्यांनाच ठाऊक आहे. मी तिथे झाडांच्या जवळ चहा पीत नाही.

या माणसाचा आणखी एक गुण मला उशिरा उमगला. त्यांच्याकडे जाऊन आलं की घरी काहीतरी सापडत नाही. एकदा डब्याचं झाकण, एकदा बायकोची एक चप्पल, कधी फोनचा चार्जर. बायको म्हणायची, मी वेंधळा आहे, आणि डब्याच्या झाकणावरून तर आमच्याकडे तीन दिवस अबोला होता. गेल्या वर्षी तिथे दुपारी पांघरूण शोधताना मी बाकाखालचा खण ओढला. आत आमचं झाकण होतं, चप्पल होती, शिवाय कोणाकोणाच्या छत्र्या, चष्म्याची घरं, लहान बाळाचा एकच मोजा. मी वळलो तर आतोबा दारात उभे. जराही न वरमता ते म्हणाले, "विसरून जाता तुम्ही लोक. मी जपून ठेवतो. घ्यायला या म्हणजे झालं." आणि पायानं त्यांनी खण आत ढकलला. मी झाकणाबद्दल बोललो नाही. घरी तीन दिवसांचा अबोला आधीच भोगून झाला होता, आता झाकण परत नेऊन पुन्हा कशाला विषय काढा.

तर यंदाच्या जुलैत आम्ही युट्रेख्टहून तिकडे गेलो, तेव्हा आतोबांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, आर्नहेमहून आपल्या आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आला होता. मेहुणा एका वीज कंपनीत आहे. कुठे काय बिघडू शकतं याचा आधीच अंदाज बांधून ठेवणं हे त्याचं काम, आणि ते तो सुट्टीच्या दिवशीही करतो. मे महिन्यात आतोबा बांधाखालच्या मेंढ्यांच्या मालकाशी सायकलवरून बोलता बोलता कुंपणात शिरले होते. मनगट सुजलं. हाउसआर्ट्सनं, इथल्या फॅमिली डॉक्टरनं, पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं, म्हणजे इथल्या वैद्यकशास्त्रानुसार काहीही झालेलं नव्हतं. पण मेहुण्याच्या मनानं घेतलं. बाबा आता पंचाहत्तरीकडे आले, आसपास आपलं कोणी नाही, काही झालं तर आपण पोचेपर्यंत दोन तास. कॅराव्हॅन विकायची, सायकल बंद करायची आणि त्यांनी बाराही महिने फ्लॅटमध्ये राहायचं, हे सांगायलाच तो आला होता. गिऱ्हाईकही त्यानं बघून ठेवलं होतं. आत्या कांदा चिरता चिरता माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "त्याचंही चुकत नाही गं. पण हे तिथे सातव्या मजल्यावर कोणाला पोचवायला जातील?"

जेवताना विषय निघाला. आतोबांनी आमटीची वाटी डोळ्यांसमोर धरून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की नेमकी अडचण काय आहे. मेहुणा म्हणाला, सायकलवर तोल राहत नाही ही अडचण आहे. मग बरीच वादावादी होऊन एक अट ठरली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बांधावरून दीपगृहापर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत आतोबांचा पाय एकदाही जमिनीला लागला नाही तर कॅराव्हॅन राहील, लागला तर या हिवाळ्यात ती विकायची. आम्हाला वाटलं, मेहुण्यानं सोपी अट घातली. पण तो वडिलांना चांगला ओळखून होता. आतोबांच्या पायांबद्दल त्याला शंका नव्हतीच. त्या रस्त्यावर बाकागणिक आतोबांच्या ओळखीचं माणूस बसलेलं असतं, आणि ओळखीच्या माणसाला बघून न थांबणं त्यांना आजन्म जमलेलं नाही.

सकाळी निघालो. मी आणि बायको भाड्याच्या विजेच्या सायकलींवर, मेहुण्याची लेक तिच्या छोट्या सायकलवर आणि मेहुणा गाडीच्या मागे लादून आणलेल्या शर्यतीच्या सायकलवर, अंगाला चिकटलेले कपडे घालून. आतोबा आपल्या जुन्या, उंच हँडलच्या सायकलवर ताठ बसले होते. जाताना वारा पाठीशी होता. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे मेंढ्या. पहिलं बाक आलं, तिथे कुत्रा घेऊन बसलेल्या आजीबाई. मेहुणा हसला. आतोबांनी सायकल थांबवली नाही. ते त्या बाकाभोवती गोल फिरू लागले. फिरता फिरता त्यांनी आजीबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली, कुत्र्याची केली, आणि निघाले. पुढे तळलेल्या माशांच्या गाडीचा मालक भेटला, त्याच्याभोवती तर त्यांनी इतके वेढे घातले की उत्तर द्यायला त्यांच्याकडे वळता वळता तो घेरी येऊन गाडीला टेकला. मागे गिऱ्हाइकांची रांग होती, तीही गोल झाली. मेहुणा म्हणाला, हे नियमात बसत नाही. मी म्हणालो, पाय टेकलेला नाही. जावयाच्या शब्दाला त्या घराण्यात अजून वजन आहे, नुसतं कोपऱ्यातल्या गादीपुरतं नाही.

दीपगृहाला वळसा घालून परत फिरलो आणि वारा तोंडावर आला. झीलंडचा वारा ज्यानं खाल्ला नाही त्याला काय सांगावं. आमच्या सायकलींना वीज होती, पोर वयाच्या जोरावर चालली होती, आतोबांना सवय होती. सगळ्यात महागाची सायकल मात्र मागे पडत चालली. वर्षभर खुर्चीत बसणारा मेहुणा खाली मान घालून पायडल मारत होता, आणि घराच्या थोडं अलीकडे तो थांबला. पाय टेकला, छाती धरून वाकला आणि नुसता श्वास घेत राहिला. आतोबा बरेच पुढे होते. कॅराव्हॅनचे पत्रे दिसत होते, जिंकल्यातच जमा होते. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, सायकल फिरवली, मुलापाशी आले आणि सरळ खाली उतरले. दोन्ही पाय जमिनीवर.

नातीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती डचमध्येच देते. ती आजोबांना डचमध्ये म्हणाली, "ओपा, तुम्ही हरलात."

"हो गं," आतोबा म्हणाले. "हरलो." आणि मुलाला बाटलीतलं पाणी दिलं.

मग त्याला सायकलवर बसवून ते शेजारून आपली सायकल चालवू लागले, एक हात आपल्या हँडलवर आणि एक त्याच्या पाठीवर. इथले आईबाप वाऱ्यात लहान मुलांना असंच पुढे ढकलतात. मेहुणा आठ वर्षांचा असताना पुण्याहून नवा आला, तेव्हा शाळेला जाताना वारा बघून रडायचा आणि आतोबांनी बाकीच्या बापांचं पाहून त्याला असंच रोज पोचवलं होतं, असं आत्यांनी मला नंतर सांगितलं. मेहुणा म्हणाला, "बाबा, हात काढा. मनगट दुखेल तुमचं." आतोबा म्हणाले, "मग जोरात मार की." आम्ही मागून बघत होतो. दोघं एकदाही डगमगले नाहीत. माझे डोळे वाऱ्यानं भरून आले होते, असं मी बायकोला सांगितलं. तिचेही वाऱ्यानंच आले होते.

चहाला कोणी कॅराव्हॅनचं नाव काढलं नाही. आतोबा अट हरले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, आत्या तर भांडी जरा जास्तच हळू ठेवत होत्या. संध्याकाळी मेहुणा निघाला, आम्हीही निघालो. आतोबा नेहमीप्रमाणे खिडकीला खेटून, त्यांच्या मागे आमची गाडी, अशी वरात माणसाच्या चालीनं फाटकाबाहेर पडली. बांधापाशी आतोबांचं लक्ष गाडीच्या पाठीमागे गेलं. सायकल लादायचा सांगाडा रिकामा होता.

"अरे, तुझी सायकल राहिली," ते म्हणाले.

मेहुणा समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "राहू दे बाबा. येईन घ्यायला."

आतोबांनी ब्रेक लावला. पाय टेकला. गाडी पुढे गेली, बसथांबा ओलांडून गेली, आणि ते जागचे हलले नाहीत. त्यांच्याकडून वेळेवर निघालेला पाहुणा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते हात वर करून उभे होते. मग ते आमच्या खिडकीशी आले, नाक पुसलं आणि म्हणाले, तुम्हाला एवढी कसली घाई आहे. आम्ही गाडी वळवली.

आता सप्टेंबर लागलाय. दिवस आखडत चाललेत, पार्कातली बरीच बिऱ्हाडं हलली आणि आतोबांकडे सांभाळायला दिलेल्या कुंड्या वाढल्यात. ते थकलेत हे दिसतं, आणि असे उन्हाळे किती राहिलेत हा हिशेब मी मनात करायला जातो आणि अर्ध्यावर सोडतो. मेहुणा त्यानंतर दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा सायकल न्यायची राहिली. आतोबा दर रविवारी तिच्या चाकांत हवा भरून ठेवतात, पण त्याला आठवण मात्र करून देत नाहीत.