सहा डब्यांचा मुकादम

सहा जुन्या संगणकांसाठी मी हजार संगणक हाकणारी प्रणाली निवडली.

कुडव्यातल्या आमच्या ऑफिसात दोघंच: मी आणि माझा मित्र. आमगावजवळच्या त्याच्या वडिलांच्या राइस मिलचं काम आमच्याकडे होतं. एक प्रोग्राम धानाचा ओलावा मोजायचा, दुसरा दाण्यांचे फोटो तपासायचा, असे सहा. प्रत्येक आपल्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये बंद. कोणता डबा कुठल्या संगणकावर चालवायचा, मेलेला डबा पुन्हा कसा उठवायचा, हे पाहायला वर एक मुकादम लागतो. मित्र म्हणे स्वार्म नावाचा मुकादम घेऊ, साधा आहे. मी कुबरनेटीसवर, त्या हजार संगणकवाल्यावर, अडून बसलो. पुण्याचे लोक वापरतात, एवढंच माझं शास्त्र.

"अबे, सहा पोत्यांले क्रेन कायले?"

"उद्या साठ होतील."

"अन् एखादा डबा आपल्यालेच मारायचा असला तं? येईल तुले?"

"ते मरूच देत नाही. तेच तर भारी आहे!"

तो हसला आणि सगळी मांडणी त्यानंच केली. मी फक्त निवड केली होती. ओलावा वाढला की मिलच्या भोंग्यातून बोलणारा आवाजही त्याचाच: "बाबा, धान ओला येऊन राहिला. पाहा जरा."

उन्हाळ्यात तो अपघातात गेला.

तेरवीनंतर काका, म्हणजे त्याचे वडील, पहिल्यांदा मिलमध्ये गेले आणि भोंगा बोलला, "बाबा..." हातातलं धान तिथंच सांडलं. मला फोन आला. "त्याले बंद कर. मले मिलमदी पाय ठेववत नाही."

मी गेलो, त्यांच्यासमोर आवाजाचा डबा मारला. "झालं, काका."

चहा अर्धा झाला नाही तोच वरून आवाज: "बाबा, धान ओला येऊन राहिला."

पुन्हा मारला. पुन्हा उठला. हा डबा कायम चालू पाहिजे, असा हुकूम मित्रानं मुकादमाला देऊन ठेवला होता, आणि मी निवडलेला मुकादम हुकमाचा पक्का. तो हुकूम मागे कसा घ्यायचा, हे मी कधी शिकलोच नव्हतो. हमाल पोती टाकून दाराशी जाऊन उभे राहिले. त्यातला एक हळूच म्हणाला, "भाऊ, जाऊ द्या ना त्याले."

घाबरून मी सगळंच पुसून टाकलं: हुकूम, प्रोग्राम, आवाजाची फाईल. प्रती ठेवायचं काम त्याचं होतं आणि माझ्याकडे एकही नव्हती, हे नंतर आठवलं.

भोंगा गप्प झाला. मला वाटलं, आपल्याला एक तरी काम जमलं.

नवं धान आलं तेव्हा काकांनी बोलावलं. ते भोंग्याखाली खुर्ची टाकून बसले होते.

"गाडीतला धान ओला आहे. आवाज काऊन येऊन नाही राहिला?"

"काका, तुम्हीच बंद करायला सांगितलं होतं."

"तवा झेपत नव्हतं मले. आता लाव."

"नाही लावता येत. पुसलं मी."

"बंद कर म्हटलो होतो. पुसाले कोणं सांगितलं?"

वर भोंग्यात नुसती खरखर झाली. आम्ही दोघांनीही मान वर केली. खरखर थांबली, तरी काका वरच पाहत होते.

"तुमा दोघांत अक्कल एकालेच होती," ते म्हणाले. "तोच गेला."