आधीच ठरलेली साक्ष

आमच्या चर्चचे पाळकसाहेब एका रविवारी सांगलीत असतात आणि दुसऱ्या रविवारी साताऱ्यात. मंडळ्या दोन आणि पाळक एक, त्यामुळे दुसरा इलाज नाही. ते साताऱ्याला गेलेले असतात त्या रविवारी आमच्याकडे भक्तीत उभं राहून संदेश कुणी द्यायचा, हे बघायचं काम मंडळीच्या पंचांनी माझ्या गळ्यात घातलं. मी शाळेत गणित शिकवते, लोकांना उभं करून उत्तर विचारायची मला सवय आहे, असं त्यांचं म्हणणं. सुवार्तेचं काम पाळकांवर न टाकता मंडळीतल्या सगळ्यांनी केलं पाहिजे यावर आमच्यात पूर्ण एकमत होतं. सुरुवात मात्र दुसऱ्या कुणीतरी करावी, यावरही तितकंच एकमत होतं.

बँकेतून निवृत्त झालेले आमच्यातले एक काका आहेत, पंचच आहेत ते. त्यांना विचारलं की घसा बसलेला असायचा. तोच घसा भक्ती सुटल्यावर अंगणात क्रिकेटच्या संघनिवडीवर तासभर चालायचा. कुणाचे पाहुणे यायचे, कुणाला नेमकं त्याच रविवारी सासरवाडीला जायचं असायचं. मी काही मऊ बोलणारी बाई नाही. "तुमच्या पाहुण्यांनाही घेऊन या, तेवढीच माणसं वाढतील," असं मी तोंडावर सांगायची. त्यावर लोक हसायचे आणि अंग काढून घ्यायचे.

दुसरं काम नव्या माणसांच्या स्वागताचं. पूर्वी आमच्याकडे नवीन आलेल्याला उभं करून नाव-गाव विचारायचे, मग सगळे टाळ्या वाजवत स्वागताचं गाणं म्हणायचे आणि हातात गुलाब द्यायचे. ते मी काम हाती घेतल्या घेतल्या बंद केलं. पहिल्यांदा आलेल्या माणसाला निवांत बसायचं असतं, त्याची वरात कशाला काढायची? हे लोकांनी कुरकुरत का होईना, ऐकलं. साक्षीचं मात्र मला काही करता आलं नाही.

साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगणं. साक्ष दिल्याशिवाय माणूस मंडळीत पुरता मुरत नाही, असं आमच्यात मानतात. तसा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आहे. आणि साक्षीचा क्रमही ठरलेला असतो. आधी दुखणं, मग प्रार्थना, मग बरं वाटणं. नाहीतर आधी नोकरी जाणं, मग प्रार्थना, मग आधीपेक्षा चांगली नोकरी लागणं. दुखणं तसंच राहिलं, अशी साक्ष मी लहानपणापासून एकदाही ऐकलेली नव्हती.

अशा आमच्या मंडळीत ती आली. खंडाळा तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय तिशीच्या आसपास. नवरा कुपवाडच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि सांगलीत डायलिसिस चालू होतं. कुपवाडमध्ये भाड्याच्या खोलीत दोघंच राहायची. तिच्या शेजारची बाई आमच्या मंडळीतली. "रविवारी तासभर येऊन बस, बरं वाटेल," असं ती म्हणाली, म्हणून ही आली. पहिल्याच दिवशी तिने मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "बाई, आमी शेतकरी माणसं. दीर फौजेत हाय. घरात देव हायत आमच्या. पर हात जोडाय मी कुटंबी जोडती."

"मग जोडा की. इथं तुम्हाला कुणी काही विचारणार नाही," मी म्हटलं.

पाळकसाहेबांनी आम्हाला बजावून ठेवलेलं होतं. प्रार्थना करा, शब्द देऊ नका. एक तर दिवस असे आहेत की आपण प्रेमाने बोललेलं कुणी कसं घेईल सांगता येत नाही. आणि दुसरं म्हणजे, ते म्हणायचे, बरं करणं आपल्या हातात नाही, तर त्याचा शब्द आपण कसा देणार?

ती दर रविवारी यायला लागली. भक्ती सुटली की न सांगता चहाचे कप विसळायला बसायची. आमच्या बायकांनी डायलिसिसच्या दिवशी डबा द्यायचं आपसात ठरवलं. मीठ कमी, बटाटा नको, डाळ बेतानं, हे सगळं तिला विचारून विचारून करायच्या. यात मला मंडळीचा अभिमान वाटला, उगीच कशाला लपवू? दर रविवारी तिच्या नवऱ्यासाठी प्रार्थना व्हायची. दारात आली की जो तो विचारायचा, "मालक कसे आहेत?"

त्याच सुमाराला मला एक उपदेशक सापडला. कुपवाडला स्वतःचं लहानसं वर्कशॉप असलेला, लेथवर काम करणारा माणूस. यंत्रांच्या आवाजात बोलून बोलून आवाज असा कमावलेला की माईकची गरज नाही. मनाने सरळ. कितीतरी महिने त्याच्या मागे लागून मी त्याला उभा केला. पहिला संदेश अडखळत दिला, दुसरा बरा दिला. मी सगळ्यांसमोर कौतुक केलं, बायकांनीही केलं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तो चढला.

तिसऱ्या वेळी त्याने बायबलमधला, आजाऱ्याला बरं केल्याचा उतारा घेतला. बोलता बोलता रंगला. लोक मधून मधून आमेन म्हणत होते, तसा त्याचा आवाज चढत गेला. आणि एकदम तिच्याकडे हात करून तो म्हणाला, "ताई, मी आज तुम्हाला सांगतो. पुढच्या महिन्यात तुम्ही इथं, या ठिकाणी उभ्या राहून साक्ष देणार! तुमच्या मालकांना देव बरं करणार म्हणजे करणारच!"

केवढ्या मोठ्यानं आमेन म्हटलं लोकांनी. टाळ्याही वाजल्या. तिने पदर सावरून हात जोडले आणि डोळ्यांतून पाणी वाहू दिलं.

अंगणात मी त्याला गाठलं. "पाळकसाहेबांनी काय सांगितलंय? हा शब्द तू कुणाच्या भरवशावर दिलास?"

"आवं बाई, इश्वास ठिवाय नगं का?" तो म्हणाला. माझ्या बोलण्याने त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. मला आणखी राग आला, कारण तो खोटं बोलत नव्हता.

त्यानंतर दारातला प्रश्न बदलला. "मालक कसे आहेत?" ऐवजी "साक्ष कधी?" असं हसत हसत विचारायला लागले. तिलाही ते खरं वाटू लागलं. एकदा कप विसळता विसळता तिने मला विचारलं, "बाई, साक्षीत काय काय बोलायचं आसतं? मला समद्यांम्होरं बोलाय येत न्हाई. आदी जरा सांगून ठिवा." मी म्हटलं, वेळ आली की सांगेन. यापेक्षा शहाणपणाचं मला काही सुचलं नाही.

तो महिना सरायच्या आत तिचा नवरा गेला. डायलिसिस चालू असतानाच बीपी उतरलं आणि परत वर आलंच नाही. दीर रजा काढून आला, माणसं मृतदेह अंत्यविधीसाठी गावाकडे घेऊन गेली. आम्ही काहीजण जाऊन आलो. वर्कशॉपवाला आला नाही. पुढच्या रविवारी भक्तीलाही आला नाही. मला फोनवर एवढंच म्हणाला की माझी पाळी आता दुसऱ्याला द्या.

दिवसकार्य उरकून ती कुपवाडला परत आली. एका पॅकिंगच्या कारखान्यात तिने काम धरलं. पण रविवारी येईना. आमच्यातले काही म्हणाले, देवाने ऐकलं नाही म्हणून रुसली असेल. काही म्हणाले, काम होतं तोवर आली, काम संपलं. हे दुसरं बोलणं माझ्या डोक्यात गेलं. मी तिच्या शेजारणीला घेऊन सरळ तिच्या खोलीवर गेले.

तिने पाणी दिलं, खाली बसली. मी विचारलं, येत का नाहीस?

"कुटल्या तोंडानं यीऊ, बाई? दादा म्हणलं हुतं, बरं हुनार म्हणून. दादा कशाला खोटं बोलतील? माजाच इश्वास कमी पडला." मग हळूच म्हणाली, "मदी येका रविवारी मी आली न्हवती. ताप हुता मला. त्येच नडलं आसंल."

मी सांगितलं की असं काही नसतं. किडन्या तुझ्या तापाने जात नाहीत. देव हजेरी घेत नाही. बरंच काही सांगितलं. ती मान हलवत राहिली. वर्गात काही कळलेलं नसताना पोरी हलवतात तशी. माझा जीव तुटला अगदी. नवरा गेल्याचं दुःख होतंच, आणि वर तो आपणच घालवला हे ओझं. ते ओझं आमच्या पुलपिटावरून, संदेश देतात त्या जागेवरून, टाळ्यांच्या गजरात तिच्या डोक्यावर दिलेलं होतं.

तिथून मी वर्कशॉपमध्ये गेले. त्याने मला बघून लेथ बंद केलं. तिचं बोलणं मी त्याला जसंच्या तसं सांगितलं, एक अक्षर मऊ न करता. तो स्टुलावर बसला.

"म्हंजे तिला वाटतंय, तिच्यामुळं..."

"हो."

हात पुसून तो तसाच माझ्याबरोबर निघाला. तिच्या दारात उभा राहूनच म्हणाला, "ताई, मी बोललो ते माजं बोलणं हुतं. देवाचं न्हवतं. चुकलं माजं."

ती उठून दाराशी आली. मग म्हणाली, "दादा, तुमी हे हितं सांगतायसा. ते बोललासा तितं, समद्यांम्होरं. समद्यांनी आमेन म्हणलं. आता माज्याकडं बगून समद्यांस्नी काय वाटत आसंल? हे बी तितंच सांगा."

मी पंचांपुढे विषय ठेवला. घसा बसणाऱ्या काकांचा घसा त्या दिवशी अगदी खणखणीत होता. "पुलपिटावरून आपण चुकलो म्हणायचं? नवीन माणसं काय म्हणतील?"

"नवीन माणूस एकच आहे," मी म्हटलं, "आणि तिनेच मागितलंय."

पाळकसाहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बोलू द्या त्याला. मी साताऱ्यालाच असेन येत्या रविवारी. मी तुमच्यात असलो की सगळे माझ्याकडे बघत बसतील."

त्या रविवारी ती शेजारणीबरोबर आली. कुणी तिला काही विचारलं नाही. साक्षीबद्दल तर नाहीच. वर्कशॉपवाला पुलपिटावर गेला. "प्रिय बंधुभगिनींनो," त्याने सुरू केलं आणि थांबला. दोन्ही हातांनी पुलपीट धरलं.

"मी त्या दिवशी ताईंना जे सांगितलं, ते देवानं मला सांगितलं न्हवतं. तुमी आमेन म्हणत हुता, मला लय बरं वाटत हुतं, मी बोलत गेलो. ताईंचा इश्वास कमी न्हवता. ताईंचं कायबी चुकलं न्हाई. चुकलं ते माजं." एवढं बोलून तो खाली येऊन बसला.

एरवी आमची मंडळी आमेनला मागे हटत नाही. त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. मी पुढचं गीत सांगायला उठणार, तोच ती उठली. तिला कुणी उठ म्हटलेलं नव्हतं.

"दादांनी सांगितलं, बरं झालं," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण सगळ्यांना ऐकू येत होता. "तुमी समद्यांनी डबा दिला. दर रविवारी मालकांसाटनं मागितलं. आता त्यांच्यासाटनं मागाय काय ऱ्हायलं न्हाई. आज माज्यासाटनं मागा."

मी उठून उभी राहिले. इतके महिने ही बाई आमच्यात येत होती. तिच्या नवऱ्याच्या रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा आम्हा सगळ्यांना पाठ होता. तिच्या नावाने एकदाही प्रार्थना झाली नव्हती. प्रार्थना आता मीच करायची होती, आणि काय मागायचं ते मला कळेना. तिला धीर दे, तिला बळ दे, असलं आमच्याकडे पुष्कळ तयार असतं. ते काही माझ्या तोंडून निघेना. म्हणून मी तिलाच विचारलं, "काय मागू तुझ्यासाठी?"

तिने थोडा विचार केला.

"मालक गेल्यापास्नं डोळ्याला डोळा न्हाई, बाई," ती म्हणाली. "रातची झोप लागू दे. येवडंच मागा."

आम्ही सगळे उभे राहिलो आणि तेवढंच मागितलं.