मेंदू मला कळत होता

बायको आजारी पडली तेव्हा नातेवाइकांनी धोशा लावला, रामघाटावर शांती करून घ्या. मी उज्जैनच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. ठणकावून सांगितलं, बाधाबिधा काही नाही, हा मेंदूचा आजार आहे. मी बरोबर होतो, आणि त्याचाच मला माज चढला.

आजार साधा नव्हता. चार दिवस तिला झोप नव्हती आणि थकवाही नव्हता. पाचव्या दिवशी घरातल्या सगळ्या साड्या, लग्नाच्या शालूसकट, टेम्पोत घालून ती भैरवगढला नक्षीचे ठप्पे मारून घ्यायला गेली. तिथल्या छपाईवाल्यांना म्हणाली, देशाची दारं उघडलीत, आपण परदेशी माल पाठवू. इंदूरच्या डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. दीडेक महिन्यात ती ताळ्यावर आली.

मग घरात एक प्रश्न मुक्कामाला आला. भाजी खारट झाली, ती माझ्या आईला उलटून बोलली, सिनेमा बघून रडली, की मी विचारायचो, गोळी घेतलीस का? पुढे आईही विचारायला लागली. एकदा शेजारणीशी बोलताना ती खळखळून हसली, तर आमच्या आठ वर्षांच्या मुलीनं खेळता खेळता तेच विचारलं. तेव्हापासून बायको जपून हसायला लागली. मला ते सुधारणेचं लक्षण वाटलं.

मी तरी कुठे मोकळा होतो? शाळेतून आलो की दारापाशी थांबून आधी आतला आवाज ऐकायचो. तिचा आवाज चढला की वाटे, आलं पुन्हा. उतरला की वाटे, हे काय नवीन?

वर्षभरानं एका सकाळी तिनं शांतपणे विषय काढला, पुढच्या खोलीत भैरवगढच्या चादरी विकायला ठेवू या. आमच्या माधवनगरात तेव्हा दर चौथ्या घरात फोनचा बूथ निघत होता, त्यांना कोणी औषध देत नव्हतं. पण भैरवगढचं नाव ऐकताच मी तिच्या उरलेल्या गोळ्या मोजायला उठलो.

"बरी झालेय हो मी," ती म्हणाली. "नुसती बरी राहून करू काय?"

दुसऱ्याच दिवशी मी तिचं रक्त तपासायला दिलं. हे औषध रक्तात ठरावीक मापात असावं लागतं, कमी पडलं की आजार उलटू शकतो.

रिपोर्ट घेऊन इंदूरला गेलो. माप बरोबर होतं. डॉक्टर अर्धा तास तिच्याशी एकटीशी बोलले, मग मला आत बोलावून झोपेचं विचारलं. चांगली झोपते, मला कबूल करावं लागलं. चादरींचंही सांगितलं, भैरवगढवर जोर देऊन.

ते म्हणाले, "मास्साब, बीमारी में जो कहा, वो सब बीमारी का नहीं होता. दिमाग का इलाज मैं कर रहा हूँ. मन की बात तो आपको ही सुननी पड़ेगी."

हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माप कमी निघालं असतं तर गोळी वाढली असती आणि चादरींचा विषय आपोआप मिटला असता. आता ती बोलत होती ते तिचं स्वतःचं होतं, आणि त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता. मला लाज वाटली, पण ती नंतर.

बसस्टँडवर उसाचा रस पिताना तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"रिपोर्ट चांगला आलाय. मग तुमचं तोंड का उतरलंय?"

ऊन लागलं असेल, मी म्हणालो. तिनं अर्धा ग्लास तसाच खाली ठेवला. उज्जैनची बस लागली तेव्हा माझ्या शेजारची जागा रिकामी सोडून ती पुढे एका अनोळखी बाईजवळ जाऊन बसली.