वैशूवाचून काही अडलं नाही

फोन आला तेव्हा आमची सकाळची मीटिंग चालू होती. मीटिंग म्हणजे काय, लॅपटॉपवर सगळ्यांची चौकोनी तोंडं आणि काल काय केलं, आज काय करणार याची उजळणी. वैशालीचा चौकोन रिकामा होता. आमच्या टीमच्या लीडनी विचारलं, "वैशाली आज डायलिसिसला गेलीय का?" मी म्हटलं, "नाही हो, आज तिचा वार नाही. किन्हवलीची रेंज गेली असेल." तेवढ्यात तिच्या धाकट्या भावाचा, दिनेशचा फोन. "ताई... वैशू गेली गो. चहा मागितलान, आई घेऊन येईपर्यंत..." माझा माइक चालूच होता. मी जी ओरडले ती पुण्या-बंगळुरात बसलेल्या सगळ्यांनी ऐकली. ऐकू दे. महिना उलटून गेला, अजूनही कुणी समजूत घालायला आलं की मला ओरडावंसंच वाटतं.

आम्ही दोघी मुरबाडच्या कॉलेजात एका बाकावरच्या. मी म्हसा गावची, ती किन्हवलीची. पुढे मी लग्न करून शहापुरात आले, नोकरीही दोघींना एकाच कंपनीत लागली. आम्ही टेस्टर. दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधणं हे आमचं पोटापाण्याचं काम. आमचं ॲप दवाखान्यांचं आहे, पेशंटने त्यावरून डॉक्टरची वेळ घ्यायची. सुरुवातीला आम्ही एकेक बटण बोटाने दाबून बघायचो. मग बटणं दाबणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला लागलो, त्यांना आम्ही नुसतं 'टेस्ट' म्हणतो. रोज पहाटे त्या आपोआप चालतात. सगळं ठीक असेल तर हिरवं, बिघडलं असेल तर लाल. वैशूला लाल दिसलं की कोण आनंद व्हायचा! "सापडला गो चोर," म्हणून मला फोन. आणि चूक सापडून नुसतं भागायचं नाही, ती नेमकी कुठून आली हे खणून काढल्याशिवाय बाई जेवायला उठायची नाही.

तिच्या किडन्या गेल्या तेव्हा तिने पस्तिशीही गाठली नव्हती. काकी, म्हणजे तिची आई, स्वतःची किडनी द्यायला निघाल्या होत्या. पण तपासणीत काकींनाच साखर निघाली आणि डॉक्टरांनी नको म्हटलं. त्या दिवशी काकी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिल्या होत्या, "माजीच पोर न्‌ माजंच चालत नाय?" असं परत परत विचारत. मग वैशूचं नाव दुसऱ्या कुणाच्या किडनीसाठी प्रतीक्षा यादीत लागलं, कंपनीने तिला घरून काम करायला दिलं आणि मागच्या पडवीत तिचं ऑफिस थाटलं गेलं. आठवड्यातून तीनदा शहापूरला येऊन सुया टोचून घ्यायच्या आणि उरलेल्या दिवशी काम. मी चिडायचे. म्हणायचे, जरा पडून राहा की. तर म्हणे, "पडून राहिले तर मला आजारी असल्यासारखं वाटतं."

त्याच सुमारास आमच्याकडे नवीन टूल आलं. एआयवालं. ॲपचे पडदे बघून ते स्वतःच टेस्ट लिहितं. एखादं बटण हललं तर टेस्ट मोडू न देता ते बटण नव्या जागी शोधतं आणि टेस्टची डागडुजी करतं. काही बिघडलं तर नोंदी वाचून चूक कुठे असेल तेही सांगतं. मला तर ते डोळ्यासमोर नको होतं. आमच्याच मुळावर आलंय म्हणून मी मीटिंगमध्ये भांडले. वैशू मात्र त्याच्या प्रेमातच पडली. ती त्याच्याशी चक्क मराठीत बोलायची. ते छापील मराठीत उत्तर द्यायचं आणि चुकलं की अदबीने माफी मागायचं. "परत लोणकढी मारलीस ना रे?" असं ती पडवीतून ओरडली की ते लिहायचं, 'क्षमस्व, आपले म्हणणे योग्य आहे.' ती ते मोठ्याने वाचून खो खो हसायची. काकी आतून विचारायच्या, "कोन हाय गो तो? सकालपासून माफीच मागतोय. एवडं काय केलान त्यानं?"

पण ती भाबडी नव्हती हां. एकदा सगळं हिरवंगार असताना हिने एकटीने काम थांबवलं. झालं होतं असं, की डिझाइनवाल्यांनी पडदा बदलला होता. जिथे 'वेळ पक्की करा' बटण असायचं तिथे 'वेळ रद्द करा' आणून बसवलं आणि पक्की करायच्या बटणाला नुसतं 'पुढे' असं नाव दिलं. टूलला जुनं बटण मिळेना. मग त्याने तिथलंच, दिसायला सारखं बटण धरलं आणि दाबलं. पडद्यावर 'आपली विनंती पूर्ण झाली' असं आलं, की टूल खूश. हिरवं! म्हणजे टेस्टमधल्या खोट्या पेशंटची धरून ठेवलेली वेळ रोज पहाटे रद्द होत होती आणि आम्ही सगळे छान छान म्हणत होतो. वैशूची एक खोड होती. टेस्ट संपली की ती स्वतः पेशंट म्हणून ॲपमध्ये शिरायची आणि आपली वेळ खरंच लागलीय का ते बघायची. त्या दिवशी तिला तिथे काहीच दिसलं नाही. ती चिडली नाही. मला म्हणाली, "याला फक्त दार उघडलं का तेवढं कळतं. आत कोणी वाट बघतंय का ते आपण सांगायला पायजे." आणि खरंच दोन-तीन आठवडे बसून तिने त्याला ते शिकवलं... बटण दाबून थांबायचं नाही, पेशंटच्या बाजूने बघून यायचं.

मग हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं की ही सगळंच शिकवतेय. आपल्याला जे जे माहीत आहे ते एकेक करून त्या टूलला सांगतेय आणि जे त्याला सांगता येत नाही ते मला. एकदा मी डायलिसिसला तिच्या शेजारी बसले होते. हाताला नळ्या लावलेल्या, ओठ सुकलेले, आणि ही मला वेळ रद्द करण्याच्या भागातल्या खाचाखोचा समजावतेय. मी म्हटलं, "मला कशाला सांगतेस? तू आहेस की."

"मी नसताना काय अडू नये गो."

"नसताना म्हणजे? कुठं चाललीयेस?"

"सुट्टीवर," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

माझं डोकंच फिरलं. मी तिला सांगून टाकलं, तो भाग मी शिकणार नाही म्हणजे नाही, काय करायचं ते कर जा. लोकांना तो माझा आळस वाटला असेल. वाटू दे. मला एवढंच कळत होतं की हिच्यावाचून काहीतरी अडायला हवं. ज्या माणसावाचून कुणाचं तरी अडतं, ते माणूस असं सहज उठून जात नाही, अशी काहीतरी वेडी समजूत मी धरून बसले होते. रद्दच्या भागात काहीही निघालं की मी मुद्दाम तिलाच फोन लावायचे आणि ती हसून म्हणायची, "झाली का तुजी नाटकं सुरू?" तिला सगळं कळत होतं. कळत होतं म्हणूनच तिने तोही भाग गुपचूप टूलला शिकवून टाकला.

ती गेली त्या दिवशी मी किन्हवलीला पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. ओट्यावर टेकले आणि हातातल्या फोनवर पहाटेच्या टेस्टचा निकाल दिसला. सगळं हिरवं. रद्दचा भागसुद्धा हिरवा. तिची शेवटची पहाट उजाडत होती तेव्हा हे सगळं शहाण्यासारखं एकापाठोपाठ एक पार पडत होतं. अगं बये, एक तरी लाल होऊ द्यायचं होतंस! असला राग आला मला तिचा... मेलेल्या माणसाचा असा राग येतो हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही हिरवं, तिसऱ्या दिवशीही. ऑफिसात सगळे तिचं कौतुक करत होते, बघा, काय सुंदर व्यवस्था लावून गेली. मी मीटिंगमधून उठून जायचे.

आणि गेल्या आठवड्यात एका सकाळी काम थांबलं. पडदा पुन्हा बदलला होता, टूलने टेस्ट दुरुस्त केली होती, पण पुढे जात नव्हतं. खाली एक ओळ होती: 'दुरुस्तीला मंजुरी हवी. मंजुरी देणार: वैशाली.' त्या रद्दच्या घोळानंतर तिने हाही नियम घातला होता म्हणे, की अशी दुरुस्ती माणसाने डोळ्यांनी बघितल्याशिवाय चालू द्यायची नाही. पुढे पडदा न बदलल्याने हे आमच्या कुणाच्या लक्षातच नव्हतं. लीड म्हणाले, मंजुरी तुझ्या नावावर करतो, लगेच करून टाक. मी उद्यापर्यंतची मुदत मागितली. काय सांगू, कितीतरी दिवसांनी मला त्या दिवशी पोटभर जेवण गेलं. अडलं होतं. तिच्यावाचून अडलं होतं!

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन किन्हवलीची एसटी धरली. मागच्या पडवीत तिची खुर्ची तशीच होती, वायरी भिंतीला सुतळीने बांधलेल्या, रेंजसाठी कौलापर्यंत चढवलेला इंटरनेटचा डबा. काकी दाराशी बसल्या. मी म्हटलं, "काकी, वैशूचं एक काम अडलंय."

"तिच्याबिगर होत नाय?"

"नाय होत."

काकींचं तोंड असं उजळलं की मला त्यांच्याकडे बघवेना. "मंग? तेवडी हुशारच व्हती ती," म्हणत त्यांनी खुर्चीवरची धूळ पदराने पुसली. मग त्यांनीच विचारलं, "लोकं खोलंबली असतील ना गो?"

"हो. नवीन ॲप दवाखान्यांना द्यायचं थांबलंय."

"मंग करून टाक. आमी बसलोय हितं."

मी तिच्या खुर्चीत बसले. आधी पेशंट म्हणून आत जाऊन आले. वेळ पक्की लागलेली होती, टूलने या खेपेला बरोबर बटण धरलं होतं. मी 'मान्य' दाबलं. बघता बघता सगळं हिरवं झालं.

"झालं?"

"झालं, काकी."

"आता नाय ना कुटं कायच अडलेलं तिचं?"

मी म्हटलं, नाही. तेव्हा काकी खुर्चीचा पाय धरून रडायला लागल्या. ज्या दिवशी वैशूला घरातून नेलं त्या दिवशीसुद्धा त्या अशा रडल्या नव्हत्या.