नकाशावरची पांढरी वाळू

तुम्ही घ्या चहा. खरंच घ्या, गार होईल. मला नको. अहो नाही, डॉक्टरनं काही सांगितलेलं नाही, माझी साखर ठणठणीत आहे! चहा का सुटला तेच सांगायला बसलोय. पण एक अट आहे. हे बाहेर बोलायचं नाही, आणि आमच्या शाळेत तर मुळीच नाही.

मी अंबडला हायस्कूलला भूगोल शिकवतो, हे तुम्हाला माहीतच आहे. भूगोलाच्या मास्तरचा गावात एक रुबाब असतो बघा. कुणी काशीला निघालं की मला विचारून निघतं. कुणाच्या बोअरला पाणी लागलं नाही की मलाच विचारतात, जमिनीखाली काय दडलंय ते. मला ठाऊक नसलं तरी मी सांगतो. माणसानं एकदा 'माहीत नाही' म्हटलं की संपला तो!

तर झालं असं. जालन्यात मस्तगडला शकीलभाईंचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी मी आणि बबन तिथं बसतो. बबन म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, पण मी मास्तर झाल्यापासून तोही मला सरच म्हणतो; त्याची अंबडजवळ मोसंबीची बाग आहे. त्या दिवशी शकीलभाईंनी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. हिमालयातली नदी, तिच्यात एका माणसापुरती अरुंद होडी, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, आणि तो गडी खडकाखडकांतून पांढऱ्या पाण्यावर उड्या मारत चाललेला. कयाक म्हणतात त्या होडीला.

शकीलभाई म्हणाले, "सर, एक बार हे करायचं. मरायच्या आधी."

बबन म्हणाला, "हे केल्यावर लगेच मरायचं असंल तर करू."

मी हातातली कपबशी खाली ठेवली. "अरे, घाबरता काय? मे अखेरीस जाऊ. सुट्ट्या असतात. आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्यात नदीला पाणीच नसतं!"

आता तुम्ही हसू नका. आमच्याकडचा उन्हाळा आठवा. मे महिन्यात आमची नदी म्हणजे क्रिकेटचं मैदान. पात्रात खेळपट्टी असते, बाभळीखाली पंच बसतो, आणि सिक्स गेला की चेंडू दुसऱ्या गावात. लहानपणापासून हेच पाहिलेलं. उन्हाळा आणि भरलेली नदी हे दोन शब्द माझ्या डोक्यात कधी एका बाकावर बसलेच नव्हते.

"पावसाळ्यात गेलो तर धोका," मी म्हणालो. "उन्हाळ्यात गुडघ्याएवढं पाणी. होडी उलटली तर उठून उभं राहायचं, कपडे झटकायचे."

"बराबर," शकीलभाई म्हणाले. "सरचा सब्जेक्टच हाय तो."

झालं! नियोजन माझ्याकडे आलं.

मी मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडला. नदी तर कुणीच पाहिलेली नव्हती, म्हणून एकेक वळण मोठं करून पाहिलं. काही ठिकाणी नदी हिरवी दिसत होती, काही ठिकाणी पांढरी फटक. मी दोघांना बोट ठेवून समजावलं. "हे हिरवं आहे ना, ते डोह. तिथं जायचं नाही. आणि हे पांढरं बघा. ही वाळू. जिथं पांढरं जास्त, तिथं पाणी कमी. म्हणजे आपल्यासाठी सगळ्यात सेफ."

मग रात्रीचं जेवण बाजूला ठेवून मी अख्ख्या नदीतला सगळ्यात पांढरा पट्टा शोधून काढला. काय अभिमान वाटला होता मला, काय सांगू!

कयाक चालवणाऱ्या तिकडच्या माणसाला फोन लावला. माझं हिंदी तुम्हाला माहीत आहे. मी म्हणालो, "हमको वो पट्टा मंगता, जिधर सबसे ज्यादा सफेद है."

त्यानं 'सफेद?' असं दोनदा विचारून घेतलं. मग तो माणूस म्हणाला, "सर जी, वो तो बड़े रैपिड वाला हिस्सा है. वहाँ तो एक्सपर्ट लोग जाते हैं. आपने पहले किया है?"

रैपिड म्हणजे खळाळता, वेगवान प्रवाह, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही. "बिलकुल! प्रॅक्टिस चालू है."

"कहाँ करते हैं, सर जी?"

आता काय सांगणार? आम्ही बबनच्या शेततळ्यात सराव करत होतो. मी म्हणालो, "प्रायव्हेट लेक है."

त्याचा आवाजच बदलला. "जी सर! ज़रूर आइए सर!"

तो प्रायव्हेट लेक कसा होता तेही ऐका. मोसंबीसाठी खणलेलं शेततळं, आत काळं प्लास्टिक अंथरलेलं, आणि एप्रिल असल्यामुळे तळाला गुडघाभर पाणी. होडी नव्हती, म्हणून बबननं गुळाच्या गुऱ्हाळातली जुनी काहील आणली. त्या कढईत मी मांडी घालून बसलो, हातात वल्हं म्हणून खोरं. पहिल्याच झटक्याला काहील स्वतःभोवती फिरली, मी आडवा. उठायला गेलो तर प्लास्टिकला शेवाळ! एक पाऊल वर चढायचं आणि दोन पावलं खाली यायचं. शेवटी बबननं वरून दोर टाकला, दुसरं टोक ट्रॅक्टरला बांधलं आणि मला वर ओढलं.

"सर, तिकडं ट्रॅक्टर असंल का?" त्यानं विचारलं.

"गुडघ्याएवढ्या पाण्याला ट्रॅक्टर कशाला?" मी म्हणालो. बुडालो नव्हतो ना? मग माझं म्हणणं खरंच ठरलं की!

राहता राहिली घरची परवानगी. आमच्या रेखाला पाण्याची फार भीती. तिच्या माहेरी विहिरीत एकदा वाईट झालेलं आहे, ते ती बोलत नाही, पण मी अंघोळीला जास्त वेळ लावला तरी दार वाजवते.

"तुम्हाला पोहता येत न्हाई," ती म्हणाली.

"पोहायचंय कुठं? गुडघ्याएवढं पाणी आहे."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतोय! भूगोल कोण शिकवतं?"

 चतुर्थीला आम्ही राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलो. रांग लांबलचक. गाभाऱ्यापाशी आल्यावर तिनं माझ्या हातात नारळ दिला आणि हळूच म्हणाली, "घ्या शपथ. गुडघ्याच्या वर पाणी असंल तिथं जाणार न्हाई म्हणून."

मागून लोक ढकलत होते. माझा आत्मविश्वास तर इतका, की मी मोठ्यानं म्हणालो, "गेलो तर वर्षभर चहा सोडीन!"

रेखा चमकली. मी चहाशिवाय कसा असतो ते तिनं पाहिलंय. एवढी मोठी पैज मी लावली म्हणजे पाणी खरंच कमी असणार, असं वाटून तिनं मान हलवली. बिचारी माझ्या शब्दावर गेली हो.

मे अखेरीस आम्ही तिघं निघालो. शकीलभाईंनी ऐन सीजनमध्ये दुकान भावावर सोपवलं. एवढा विश्वास! रेल्वेनं, मग बसनं, मग जीपनं, डोंगराच्या पोटाशी पोचलो. गाडीतून उतरलो तर खालून घर्रऽऽ असा एकसारखा आवाज.

"सर, हे कायचा आवाज हाय?" शकीलभाईंनी विचारलं.

"हायवे असेल. ट्रकं चालली असतील."

उतारावरून खाली गेलो. झाडी संपली. आणि समोर नदी.

काय सांगू! या काठापासून त्या काठापर्यंत नदी नुसती उसळत होती. खडकांवर आपटून पांढरा फेस घराएवढा उंच उडत होता. काठावर उभं राहिलं तरी चष्म्यावर पाणी येत होतं.  बबननं जरा पुढं वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "तुमची वाळू पळून राह्यली."

तेवढ्यात लाल हेल्मेट घातलेली एक तरतरीत पोरगी आली. ती आमची गाईड. प्रायव्हेट लेकवाले एक्सपर्ट म्हणून तिनं आम्हाला चक्क वाकून नमस्कार केला. मी चाचरत विचारलं, "इतना पानी? गर्मी में?"

ती म्हणाली, "गर्मी है तभी तो, सर जी! ऊपर बर्फ पिघल रही है. जितनी गर्मी, उतना पानी."

माझे कान तापले. अहो, हा प्रश्न दरवर्षी नववीच्या पेपरात मीच काढतो! 'हिमालयातील नद्यांना उन्हाळ्यातही भरपूर पाणी असते. कारणे द्या.' आणि एखाद्या पोरानं 'उन्हाळ्यात नद्या आटतात' असं लिहिलं, की लाल पेनानं गोल करून पालकांना बोलावतो! पुस्तकातलं बर्फ मी वर्षानुवर्षं फळ्यावर वितळवलं. पण स्वतः निघायची वेळ आली तेव्हा डोक्यात जालन्याचाच उन्हाळा होता.

शकीलभाईंनी मान खाली घालून आमचा सगळा सराव त्या पोरीला सांगून टाकला, काहिलीसकट. ती आधी चकित झाली, मग पोट धरून हसली. आम्हाला तिथून खाली घेऊन गेली. तिथं नदीच्या कडेला वळणात पाणी संथ थांबलेलं होतं, नवख्यांना शिकवायची जागा. बबन आणि शकीलभाई जॅकेट, हेल्मेट घालून कयाकमध्ये बसले. मला माझी शपथ आठवली.

"मी इथून मार्गदर्शन करतो," मी म्हणालो. जॅकेट मात्र त्या पोरीनं मलाही चढवलं, बरं झालं.

मी काठावरच्या एका खडकावर चढलो आणि सुरू झालो. "बबन, उजवीकडं! शकीलभाई, वल्हं सरळ! अरे, पाठ ताठ!" ते दोघे खरं तर छान चालले होते. माझ्याशिवाय छान चालले होते, हेच मला बघवेना. मी आणखी पुढं झालो, हात उंच करून ओरडलो, "असं नाही, असं!"

आणि गेलो की पाण्यात!

पाणी छातीपर्यंत! आणि ते बर्फाचं पाणी, नुकतं वितळलेलं! श्वासच अडकला. रेखाचा चेहरा डोळ्यांपुढं आला, आणि खरं सांगतो, तेव्हा मी घाबरलो. पुढच्या क्षणी त्या पोरीनं जॅकेटचा पट्टा धरून मला काठावर काढलं. ट्रॅक्टर लागला नाही.

मला ब्लँकेटात गुंडाळलं, शेकोटीपाशी बसवलं. दातांवर दात आपटत होते. पोरीनं आल्याचा वाफाळता चहा माझ्यापुढं धरला. "लीजिए सर जी, गरम-गरम."

मी हात पुढं केला. बबन हळूच म्हणाला, "सर, राजूरचा गणपती बघून राह्यला."

"अरे, पाय घसरला! मी मुद्दाम गेलो का?"

"मंग भाभीलाच विचारू," शकीलभाई म्हणाले आणि त्यांनी व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. रेखानं मला पाहिलं. ओले केस, ब्लँकेट, मागं गर्जणारी नदी.

"कुठपर्यंत आल्तं पाणी?" तिनं विचारलं.

"छा... छातीपर्यंत."

तिचे डोळे भरून आले. "बरे हायत ना तुम्ही?"

"बरा आहे."

तिनं पदरानं डोळे पुसले, एक लांब श्वास घेतला. "मंग चहा बंद," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्या वाटणीचा चहा बबननं फुर्र करत प्यायला, माझ्या डोळ्यांसमोर! गाईड पोरगी बिचारी माझी कीव करत जवळ बसली.

"ये लोग आपको सर बुलाते हैं," ती म्हणाली. "आप टीचर हैं? क्या पढ़ाते हैं?"

बबननं चहाचा कप खाली ठेवला आणि तोंड उघडलं. पण मी त्याच्या आधी बोललो.

म्हणालो, "मराठी."