रूपरावाचा परतीचा हात

आंजी मोठी गावच्या रूपरावाला सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, आणि मेथीची वाडी आणि हट्टी स्वभाव हे दोन्ही वडिलांकडून आलेलं. गिटार मात्र त्याची स्वतःची कमाई. सत्त्याहत्तर साली नागपूरच्या बाजारात भाजीची पोती घेऊन गेला आणि एक जुनी गिटार काखोटीला मारून परतला. गावाने तिला मोठी एकतारी ठरवून टाकलं. रूपरावाने वाद घातला नाही. सहा तारा मोजून दाखवत बसण्यापेक्षा त्याला त्या वाजवायची घाई होती.

पुढे वर्ध्याच्या मधुकररावांच्या ऑर्केस्ट्रात त्याला मुख्य गिटारची खुर्ची मिळाली. संथ गाण्यांत सगळं झाकून गेलं. पण ऐंशीनंतर लोकांना जलद चाली हव्या झाल्या आणि रूपरावाचं पितळ उघडं पडलं. जलद वाजवायचं तर हातातली प्लॅस्टिकची पट्टी तारेवर एकदा खाली, एकदा वर अशी मारावी लागते, आणि दोन्ही आवाज सारखे यावे लागतात. रूपरावाचा खालचा फटका दणदणीत आणि वरचा नुसता फुस्स. एका पायात चप्पल घालून कोणी धावावं तसं ते ऐकू येई.

मधुकरराव हार्मोनियमवर पुढे बसत. कोणी चुकलं की बोलत नसत, फक्त मान वळवून बघत. त्या वर्षी त्यांची मान रूपरावाकडे इतकी वळली की आखडायचीच बाकी राहिली. शेवटी ते बोललेच, "रूपराव, तुहा हात जाते, पन वापस नाई येत. दिवाळीनंतर आष्टीले कार्यक्रम हाये. तवापर्यंत नाई जमलं, तं गिटारवर प्रेमदास बसंन. तू खुळखुळा घेजो."

सिंदी मेघे गावचा प्रेमदास नवी कोरी गिटार घेऊन टपलेलाच होता. आणि खुळखुळा! चार गावांच्या लग्नांत ज्याला नवरदेवाच्या खालोखाल मान, त्याने खुळखुळा हलवायचा? रूपरावाला जेवण गोड लागेना.

एका ठेक्यावर रोज बस, असंही मधुकररावांनी बजावलं होतं. ठेका आणायचा कुठून? वाडीतल्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. त्याच्या टुकटुकीवर रूपराव इमानदारीने महिनाभर बसला. इंजिन जुनं, मधूनच एक ठोका गिळायचं. रूपरावाने तो गिळलेला ठोकाही मन लावून पाठ केला. तालमीत ढोलकीवाला दोनदा अडखळला आणि मधुकररावांनी या खेपेला मान वळवली नाही, डोळेच मिटून घेतले.

त्यात दिवाळीच्या तोंडावर बायको कुंताबाई घसरली आणि तिचं मनगट मुरगळलं. अंगण सारवायचं राहिलेलं. ती ओट्यावर बसून म्हणाली, की दिवसभर तारा खाजवायला हात चालतो, तर अंगणालाही चालेल. रूपरावाने इकडे-तिकडे पाहिलं, धोतर खोचलं आणि शेणकाल्याची बादली ओढली.

अर्धं अंगण झाल्यावर तो कंबर सरळ करायला उठला आणि बघतच राहिला. अंगणभर पट्टे उमटले होते. हात आपल्याकडे ओढला तिथे जाड थर, आणि हात परत गेला तिथे उघडी माती. जन्मभर विळ्याने सांबार कापलेला हात तो! विळा ओढताना कापतो, परत जाताना रिकामाच जातो. जे कानाला वर्षभर कळलं नव्हतं, ते समोर जमिनीवर पसरलं होतं.

रूपराव पुन्हा बसला. हळूहळू, जातानाही तेवढाच दाब, येतानाही तेवढाच. ते अंगण त्याने पुन्हा सारवलं, मग दुसऱ्या दिवशीही, आणि सकाळी अंगण, दुपारी गिटार असा नेमच धरला. गल्ली गोळा झाली. बायका आपापल्या नवऱ्यांना बोलावून दाखवू लागल्या. त्या त्रासाने शेजारचा नत्थूजी कुंपणावरून म्हणाला, "काऊन रूपराव, आमच्या संसारात बिबा घालून राह्यला का?" रूपरावाने मान वर केली नाही. कुंताबाईचं मनगट केव्हाच बरं झालं होतं, पण तिने ते आणखी काही दिवस बांधूनच ठेवलं.

आष्टीला ती पहिल्यांदाच कार्यक्रमाला आली. प्रेमदास पहिल्या रांगेत गिटार मांडीवर घेऊनच बसला होता, कधी हाक येते म्हणून. जलद तुकडा सुरू झाला. रूपरावाने तारेकडे पाहिलंच नाही, मधुकररावांच्या मानेकडे पाहत वाजवत राहिला. मान हलली नाही. तुकडा संपला, टाळ्या झाल्या, मान तशीच. प्रेमदासने गिटार खोळीत घातली.

सकाळच्या एसटीत रूपरावाला राहवेना. कसं वाटलं, म्हणून त्याने खिडकीबाहेर बघत बायकोला विचारलं.

कुंताबाईने थोडा विचार केला. "मले गाण्यातलं काई समजत नाई," ती म्हणाली. "पन कुठीच उघडी माती नाई दिसली."

रूपरावाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मधुकररावांनी वर्षभरात मान वळवून जे सांगितलं नव्हतं, ते तिने एका वाक्यात सांगितलं होतं. कार्यक्रमाला बायकोसह आलेला नत्थूजी मागच्या बाकावरून ऐकत होता, आणि त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. घरी पोचल्यावर आपल्याला काय करावं लागणार, हे त्याला कळून चुकलं होतं.